यकृताची बायोप्सी: बरगडीतून की मानेतून?

डोंबिवलीकर: मामांचं (वय ६१) एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) कित्येक महिने चढलेलंच आहे. ऑटोइम्यून हिपॅटायटिसचा (शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते तो आजार) संशय, म्हणून बायोप्सी. परळचे एक डॉक्टर म्हणतात बरगडीतून सुई, दुसरे म्हणतात मानेतून. प्लेटलेट १ लाख ४० हजार, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) १.२, पोटात पाणी नाही. माझं मत मानेतूनच. गळ्याच्या शिरेतून यकृताच्या शिरेत जाऊन तुकडा घेतात, रक्त आलं तरी शिरेतच जातं. पैसे जास्त लागू देत.

काचपट्टी: हे रिपोर्ट असताना मानेतून कशाला? रोज काचेखाली तुकडे बघतो, म्हणून सांगतो. बायोप्सीत यकृताचा साधारण ५० हजारावा भाग हाती येतो. त्यात किमान ११ पोर्टल ट्रॅक्ट (यकृतातल्या रक्तवाहिन्या आणि पित्तनलिकांचे जुडगे) दिसले तर धड बोलता येतं. बरगडीतून १६ गेजची जाड सुई सहज दोन सेंटिमीटरचा सलग तुकडा देते. मानेतली सुई बारीक, तुकडे मोडके, तीन-चारदा घ्यावे लागतात. आणि ऑटोइम्यूनमध्ये सगळा खेळ पोर्टल ट्रॅक्टच्या कडेलाच असतो.

डोंबिवलीकर: पण बरगडीतून केल्यावर रक्तस्राव झाला तर?

काचपट्टी: होतो, क्वचित. मृत्यूचं प्रमाण साधारण १० हजारांत एक धरतात. दुखणं मात्र बहुतेकांना, कधी उजव्या खांद्यापर्यंत.

सायनची_ताई: दादा, दुसरी बाजूही सांगा की. तीन-चार तुकडे नीट घेतले तर मानेतूनही निदान होतं. शिवाय त्याच वेळी पोर्टल दाब (यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला दाब) मोजता येतो, सिरॉसिसची (यकृत घट्ट, व्रणयुक्त होण्याची) शंका असेल तर ते फार मोलाचं. जलोदर (पोटात पाणी) किंवा रक्त गोठण्याची मोठी अडचण असली तर मी मानेचाच हट्ट धरेन. फक्त ‘मान म्हणजे बिनधोक’ हे डोक्यातून काढा. कॅथेटर हृदयाच्या उजव्या कप्प्यातून जातो, ठोके चुकू शकतात. सुई यकृताच्या आवरणाबाहेर गेली तर पोटात रक्त येतंच. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, मानेकडे पाठवलेले रुग्ण मुळातच जास्त आजारी असतात.

फायब्रोवाला: फायब्रोस्कॅन (पोटावरून यकृत तपासणारी मशीन) करा, सुईच नको!

काचपट्टी: फायब्रोस्कॅन कडकपणा मोजतो. कडकपणा कशामुळे, ते नाही सांगत. शिवाय सूज असली की आकडा फुगतो.

एंडो_प्रेमी: एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने (तोंडातून सोनोग्राफीची नळी घालून) जठरातून आणि लहान आतड्याच्या सुरुवातीतून करा, दोन्ही खंडांतून तुकडा मिळतो, दुखतंही कमी.

सायनची_ताई: भूल द्यावी लागते, आणि तो हात बसलेले डॉक्टर हवेत. एंडोस्कोपी एरवीही करायचीच असेल तर ठीक, नाहीतर उगाच वाढीव काम.

बदलापूर_फास्ट: मामा राहतात कुठे ते कोणीच विचारलं नाही. रक्तस्राव झालाच तर बहुतेकदा पहिल्या काही तासांत, जवळपास नेहमी २४ तासांच्या आत. संध्याकाळी डिस्चार्ज घेऊन गर्दीच्या लोकलने कल्याणपलीकडे न्यायचं असेल, तर मी एक रात्र तिथेच ठेवेन.

डोंबिवलीकर: टिटवाळ्याला. ॲस्पिरिनही (रक्त पातळ करणारी गोळी) चालू आहे, ते सांगायचं राहिलं.

सायनची_ताई: मग ते आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. स्वतःच्या मनाने बंद करू नका, हृदयासाठी असेल तर ते ठरवतील. आणि बरगडीतून करणार असतील तर सोनोग्राफी लावूनच करणार ना, तेही विचारा.