डबलबारी ऐकताना पखवाजाकडे लक्ष द्यावे

डबलबारी म्हणजे दोन बुवांचा, म्हणजे मुख्य भजनगायकांचा, आपापल्या साथीदारांसह रंगणारा भजनाचा सामना. तिच्या ध्वनिमुद्रणांत दोन बुवांच्या सवाल-जबाबापलीकडे ऐकण्याजोगे काही उरत नाही, असे काही जण म्हणतात; हे मत मला अर्धेच पटते. चढत्या लयीत म्हटल्या जाणाऱ्या गजराच्या वेळी सामन्याची चुरस गाण्यावर मात करते, हे खरे. पण त्याआधीचा रूपाचा अभंग (देवाच्या रूपाचे वर्णन करणारा) आणि गवळण शांतपणे ऐकल्यास बुवांची रागाची समज आणि मागच्या कोरसची तयारी या दोन्ही गोष्टी स्पष्ट कळतात. सध्या मी कणकवली आणि कुडाळ भागातील बाऱ्यांची, म्हणजे अशा सामन्यांची, ध्वनिमुद्रणे रोज रात्री ऐकतो आहे आणि दर वेळी पखवाजापाशीच रेंगाळतो.

याविषयी बोलताना एक गोष्ट सहसा नोंदवली जात नाही. पखवाजाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे डाव्या तोंडावरच्या कातड्यावर, वाजवण्यापूर्वी ओली कणीक थापतात आणि तिच्या वजनामुळेच तो खोल, घुमणारा खर्ज निघतो. तबल्याच्या डग्ग्यावर मात्र शाईचा कायमचा काळा लेप असतो, त्यामुळे त्याचा नाद वेगळा. मोबाइलच्या लहान स्पीकरमधून हा खर्ज जवळजवळ येतच नाही, केवळ उजव्या पुडीचे बोल आणि झांज तेवढी कानावर आदळते, आणि मग सारा प्रकार गोंगाटाचा वाटू लागतो. चांगले हेडफोन लावून तीच बारी पुन्हा ऐकावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. विशेषतः गवळण संपून गजराची लय चढू लागते तो भाग सोडू नये, कारण पखवाजवादकाचा खरा कस तेथेच लागतो.