ब्लू फ्लॅगसाठी ‘पर्यावरण शिक्षण’ म्हणजे नेमके काय करायचे?

सुरूबन: नमस्कार. दापोली तालुक्यातील आमच्या गावाने किनाऱ्यासाठी ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांना मिळणारे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळवावे, असा विषय ग्रामसभेत निघाला आहे. बाकडी, कचराकुंड्या, कपडे बदलण्याच्या खोल्या यांची यादी चटकन झाली. ‘पर्यावरण शिक्षण’ या सदरापुढे मात्र ‘फलक लावणे’ एवढे लिहून मंडळी मोकळी झाली. मी शाळेत शिकवतो, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडले आहे. फलकावर भागते का?

भरतीओहोटी: भागत नाही. एकूण ३३ निकषांत फलकांचे निकष वेगळे आहेत (पाण्याच्या तपासणीचे निकाल, किनाऱ्याचा नकाशा, वागण्याचे नियम, स्थानिक जीवसृष्टीची माहिती) आणि हंगामात किमान पाच शैक्षणिक उपक्रम घेण्याचा निकष वेगळा आहे. हे मानांकन देणाऱ्या कोपनहेगनच्या संस्थेचे नावच ‘फाउंडेशन फॉर एन्व्हायर्न्मेंटल एज्युकेशन’ असे आहे.

आपल्याकडे या मानांकनाला सुशोभीकरणाची योजना समजतात, हे मला खटकते. १९८५ साली फ्रान्समध्ये हा झेंडा प्रथम दिला गेला, तो सांडपाण्यावरील प्रक्रिया आणि पोहण्याच्या पाण्याची शुद्धता पाहून. आजही १०० मिलिलिटर समुद्राच्या पाण्यात ई. कोलाय या विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंची मर्यादा २५० आहे आणि हंगामात दोन नमुन्यांमध्ये ३१ दिवसांहून अधिक अंतर चालत नाही. आमच्या गावात पुळण रोज झाडली जाते. पण वाहनतळाशेजारून येणाऱ्या पऱ्यात (ओढ्यात) वरच्या लॉजांचे सांडपाणी सोडलेले असल्यामुळे ओहोटीच्या वेळी त्याच्या मुखाशी साबणाचा फेस वाळूवर वळ्या धरून बसतो, आणि पर्यटकांची मुले नेमकी तिथेच किल्ले बांधतात. शोषखड्ड्यांचा विषय काढला की सभा चहाकडे वळते.

रापणकर: एक पुरवणी. झाडण्याच्या उत्साहात वाहून आलेले शेवाळ उचलू नये. त्याचा उपद्रव होत नसेल तर ते किनाऱ्यावरच राहू द्यावे, असा निकषच आहे. शिवाय ऑलिव्ह रिडले कासविणी याच वाळूत अंडी घालतात, तेव्हा सफाईसाठी ट्रॅक्टर फिरवण्यापूर्वी घरट्यांच्या जागा राखाव्यात आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या दिवसांत किनाऱ्यावरचे प्रखर दिवे बंद ठेवावेत, कारण उजेडामुळे पिल्ले समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात.

भरतीओहोटी: सहमत. आणखी एक: मानांकन एकाच हंगामापुरते असते, दर वेळी नव्याने अर्ज करावा लागतो. २०२० मध्ये देशातील पहिल्या आठ किनाऱ्यांना ते मिळाले, त्यांत शेजारच्या कर्नाटकातील कासरकोड आणि पदुबिद्री हे दोन होते. अर्ज भरण्यापूर्वी त्यांपैकी एखादा पाहून यावा.

सुरूबन: आभारी आहे. पहिला उपक्रम ठरला: येत्या शनिवारी सातवीची मुले आमच्या पऱ्याच्या मुखापासून वर चालत जातील आणि त्यात उतरणारा प्रत्येक पाइप वहीत नोंदवतील. ती वही पुढच्या ग्रामसभेत मुलेच वाचून दाखवतील.