मदत हवी आहे: जुन्या कॅसेट ऐकायला आणि साफ करायला ओव्हर-इअर हेडफोन (बजेट १२ हजार, ताणून १५)

नमस्कार मंडळी,

बाबांच्या ऐंशीएक कॅसेट माझ्याकडे आल्या आहेत. काही आकाशवाणीवरून भरलेल्या, काही गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन भरलेल्या. त्यातल्या एका यमनच्या मध्येच बाबा स्वतः "वा!" म्हणतात. तेवढ्यासाठी तरी हे सगळं धड साठवायचं आहे. कॅसेट वाजवायचा डेक दुरुस्त करून घेतला, बेल्ट बदलले, लॅपटॉपवर उतरवणं सुरू आहे. आतापर्यंत फोनसोबत आलेल्या इअरफोनवर भागवलं, पण तासाभरात कान ठणकायला लागतात.

पुण्यात सिंहगड रोडला वन बीएचके. हॉलमध्ये टेबल, टेबलामागे आई, आईसमोर टीव्ही. डोक्यावर पंखा, तो मार्च ते जून बंद होत नाही. चष्मा जाड काड्यांचा. रोज दोन-तीन तास काम.

सगळीकडे वाचतोय की शास्त्रीय संगीताला ओपन बॅकच (मागून उघडा, जाळीचा) हवा. आमच्या घरात ते जमेल का? शिवाय लेक म्हणते, "बाबा, वायर आता कोण वापरतं?" आणि हे ३२ ओहम, ८० ओहम, २५० ओहम प्रकरण काय आहे?

जाता जाता: दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन 'ऑफर'मध्ये एक नावाजलेला हेडफोन निम्म्या किमतीत घेतला होता. खोक्यावर कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त आहे, हे मला तिसऱ्या दिवशी दिसलं. हसू नका.

– कॅसेटकर

वायरमन:
हसलो. माफ करा.

वायरलेसचं आधी निकालात काढू. लोकलमध्ये उभं राहून ऐकायचं असतं तर मीच म्हटलं असतं, घ्या. पण तुम्ही टेपवरची टिचकी शोधून ती कापणार. ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत पोचायला साध्या एसबीसी कोडेकमध्ये (ब्लूटूथची आवाज दाबून पाठवायची नेहमीची पद्धत) पाव सेकंदापर्यंत उशीर होऊ शकतो. म्हणजे टिचकी ऐकू येईपर्यंत पडद्यावरची रेघ पुढे गेलेली. दोन दिवसांत डोकं फिरेल. नॉईज कॅन्सलिंगवाल्यांना (बाहेरचा गोंगाट दाबणाऱ्या हेडफोनना) तर स्वतःचीच बारीक सुरसुर असू शकते. तुम्ही कॅसेटची सुरसुर शोधणार आणि सापडणार हेडफोनची! बॅटरी म्हातारी होते ते वेगळंच.

ओहम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा, त्याचं फार मनावर घेऊ नका. साधारणपणे आकडा मोठा तेवढा ॲम्प्लिफायर दणकट लागतो. सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा, तो थेट लॅपटॉपला लावला तर बरेचदा आवाज पुरत नाही. ३२ ते ८० मध्ये राहा, वेगळं यंत्र घ्यावं लागणार नाही.

तारसप्तक:
सेनहायझर एचडी ५६०एस. ओपन बॅक, १२० ओहम, २४० ग्रॅम. १२० आकड्याला घाबरू नका, माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालतो. तंबोऱ्याची जवारी (तारेचा झणकार) अशी उलगडते की गायक खोलीत बसलाय असं वाटतं. क्लोज्ड बॅक (बंद पाठीचा) म्हणजे डब्यात बसून मैफल ऐकणं. यात ताणून १५ सुद्धा कमी पडले तर एचडी ५९९ बघा. तोही ओपन, ५० ओहम, थोडा मऊ आवाजाचा.

खर्ज:
तारसप्तक, तुमचं म्हणणं शांत खोलीसाठी शंभर टक्के खरं. कॅसेटकरांची खोली शांत नाही.

ओपन बॅकची पाठ जाळीची असते. आतला आवाज बाहेर जातो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बाहेरचा आत येतो, याचा विचार खरेदी करताना कोणी करत नाही. पंख्याच्या वाऱ्याचा आवाज आणि कॅसेटची सुरसुर हे जवळजवळ एकाच जातीचे, सलग पसरलेले. एक दुसऱ्याला झाकून टाकतो. पंख्याखाली ओपन बॅक लावून तुम्ही सुरसुर किती उरली ते ठरवणार, फाईल सेव्ह करणार, आणि डिसेंबरात पंखा बंद करून ऐकलं की कपाळावर हात.

म्हणून क्लोज्ड. माझ्या मते दोन पर्याय. ऑडिओ-टेक्निका एम४०एक्स: ३५ ओहम, वायर काढता येते, आवाज बऱ्यापैकी सपाट, म्हणजे खालचा-वरचा काही फुगवलेला नाही. बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो: ८० ओहमचा घ्या, गाद्या मखमलीच्या. याचा वरचा आवाज जरा टोकदार आहे. निवांत ऐकायला काही जणांना बोचतो, पण सुरसुर आणि टिचक्या पकडायला तोच कामाला येतो. दोष एकच, वायर कायमची जोडलेली आणि ३ मीटर लांब. खुर्चीच्या चाकापासून जपा.

पावसाळी:
खर्ज +१, मखमलीसाठी. मी रत्नागिरीत राहतो. माझ्या आधीच्या हेडफोनच्या रेक्झिनच्या गाद्या दुसऱ्या पावसाळ्यात सोलल्या. कानाला काळी खवलं चिकटायची, बायकोला वाटलं मला काही रोगच झालाय. आणि जाड काडीचा चष्मा असेल तर रेक्झिन काडीपाशी फाकतं आणि फट राहिली की खालचा आवाज गळतो. मखमल काडीभोवती बसते, घामही कमी.

कॅसेटकर:
खर्ज, पंख्याचं डोक्यात आलंच नव्हतं. एक शंका: दुकानात सगळे 'बास कसा आहे बघा' म्हणून काहीतरी धडधडणारं लावतात. मला बास किती लागतो?

खर्ज:
हिशेब करा. पुरुष गायकाची पट्टी काळी एक (पेटीची पहिली काळी) धरली तर सा साधारण १३९ हर्ट्झ. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ७० च्या आसपास. आपण वर नावं घेतलेला कुठलाही हेडफोन तिथपर्यंत आरामात जातो. खोक्यावरचे ५ हर्ट्झ आणि ३५ हजार हर्ट्झ विसरा, माणसाचा कान २० ते २० हजार, तोही विशीत. तुमच्या आकाशवाणीच्या कॅसेट मध्यम लहरींवरून भरलेल्या असतील तर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर गाण्यातलं फारसं काही नाहीच, तिथे नुसती सुरसुर. ती बिनधास्त कापा.

मैफलीच्या कॅसेटना मात्र हात राखून. सॉफ्टवेअरला गोंगाटाचा नमुना देताना तंबोरा सुरू होण्याआधीची कोरी टेप निवडा. नमुन्यात तंबोरा आला की तोही सलग वाजणारा, म्हणजे गोंगाटच, असं समजून प्रोग्रॅम त्याला सोलून काढतो. मग गायक पाण्याखालून गातो. मी एका तोडीची अशी वाट लावलेली आहे आणि मूळ कॅसेट आता उरलेली नाही.

वायरमन:
आणि दुकानात जाताना तो यमन पेन ड्राइव्हवर न्या. लॅपटॉपच न्या खरं तर. दुकानदाराची गाणी सगळ्याच हेडफोनवर छान वाजतात.

कॅसेटकर: (नऊ दिवसांनी)
अपडेट. पासोड्या विठोबापाशी चार दुकानं फिरलो. स्पीकर ढीगभर, यातलं काही नाही. शेवटी स्टुडिओचं सामान विकणारं एक दुकान सापडलं, तिथे एम४०एक्स, डीटी ७७० आणि एचडी ५९९ तिन्ही कानाला लावू दिले. खोक्यावरचं नाव अक्षर अक्षर वाचलं.

तारसप्तक, तुमचं पटलं. एचडी ५९९ लावल्यावर उठावंसं वाटत नव्हतं. मग दुकानदाराला पंखा पाचवर करायला सांगितला. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण केला. सुरसुर गायब! खर्ज म्हणाले तस्संच. एम४०एक्सचा आवाज आवडला, पण चष्म्याच्या काडीवर दाब येत होता. डीटी ७७० मध्ये बाबांच्या "वा!"च्या आधी कोणीतरी दोनदा खोकतं ते ऐकू आलं. इतकी वर्षं ऐकतोय ही कॅसेट, तो खोकला मला माहीत नव्हता.

८० ओहमचा घेतला. बजेटच्या थोडा वर गेला, घरी आकडा सांगितलेला नाही. पहिले दोन दिवस डोकं आवळल्यासारखं झालं, आता सैलावतोय. रात्री पुस्तकांच्या चळतीवर ताणून ठेवतो.

आता नवीन दुखणं. काही कॅसेटचा आवाज दबका येतो, जणू पांघरुणातून. आधी हेडफोनवर शंका आली, पण बाकीच्या कॅसेट स्वच्छ वाजतात. हेडशेजारचा (डेकमध्ये टेप वाचणाऱ्या भागाशेजारचा) छोटा स्क्रू फिरवून बघू का?

खर्ज:
बघा. ज्या टेपरेकॉर्डरवर त्या भरल्या त्याचं हेड किंचित तिरकं असणार, म्हणून तुमच्या डेकवर वरचा आवाज मरतो. वाजत असताना अगदी हळू फिरवा आणि जिथे सर्वात झळझळीत ऐकू येईल तिथे थांबा. आणि आधी स्क्रूच्या डोक्यावर मार्करने खूण करा, नाहीतर बाकीच्या कॅसेटसाठी परत जागेवर आणताना रडाल.