'डीएनए बारकोड'ला मराठी शब्द, आणि 'जाती' की 'प्रजाती'?

टिपकागद: 'डीएनए बारकोड'साठी 'जनुकीय ठसा' चालेल का? मधमाश्यांवरच्या मजकुरातलं वाक्य असं आहे: 'बारकोड ९९ टक्के जुळला, त्यामुळे प्रजाती निश्चित झाली.'

मोहोळ: 'ठसा' नको. डीएनए ठसे एकेका व्यक्तीची ओळख पटवतात. बारकोड फार तर जातीपर्यंत नेतो. प्राण्यांत तो सीओआय या एकाच जनुकाचा ६५८ डीएनए-अक्षरांचा तुकडा असतो; तो संग्रहातल्या नाव लागलेल्या नमुन्यांशी जुळवून जात ओळखतात. 'बारकोड'च ठेवा. दुकानातला बारकोड नेमून दिलेला असतो, हा वाचून काढावा लागतो, एवढं मात्र वाचकाला सांगा.

'प्रजाती'ही बदला. विश्वकोशाच्या परिभाषेत मधमाश्यांची एपिस ही प्रजाती (जीनस). सातेरी, आग्या आणि फुलोरी या तिच्यातल्या जाती (स्पीशीज). वर्तमानपत्रांनी दोन्ही शब्द एक करून टाकलेत. मजकूर सख्ख्या जातींबद्दल असताना तरी ही गल्लत नको.

पडताळा: मला 'निश्चित' जास्त खटकतं. ६५८ पैकी ९९ टक्के म्हणजे सहा-सात अक्षरं वेगळी. जवळच्या दोन जातींत कधीकधी फरकच तेवढा असतो. ब्रिटनमधल्या बॉम्बस (बंबलबी, केसाळ माश्या) या प्रजातीतल्या लुकोरम, क्रिप्टारम आणि मॅग्नस या जातींच्या कामकरी माश्या रंगावरून खात्रीने ओळखू येत नाहीत, तिथे सीओआय उपयोगी पडतो. पण ज्या नमुन्याशी जुळवलं त्यालाच पूर्वी सरसकट 'लुकोरम' नाव लागलेलं असेल, तर तीच चूक पुढे जाते. शिवाय हे जनुक तंतुकणिकेतलं (पेशीतल्या मायटोकाँड्रियातलं), म्हणजे फक्त आईकडून आलेलं. संकरातून एका जातीची तंतुकणिका दुसरीत शिरली असेल, तर दोघींचा बारकोड एकच निघतो.

टिपकागद: मग पडताळणी कशी करतात?

पडताळा: टाचलेल्या माशीचा एक पाय पुरतो, उरलेली माशी जपून ठेवायची, नावाचा वाद झाला की तीच पुरावा. डीएनएचे दोन्ही धागे वाचायचे. मग क्रमाचं प्रथिनात रूपांतर करायचं, तेही अपृष्ठवंशीय तंतुकणिकेची सारणी (क्र. ५) लावून; कोणत्या तीन अक्षरांचा अर्थ काय, हे सारणी सांगते. नेहमीची सारणी लावली तर टीजीए हा त्रिक 'थांबा' (प्रथिन इथे संपलं) ठरतो आणि चांगला क्रमही बाद होतो. बरोबर सारणीतही मध्येच थांबा आला, तर बहुधा पेशीकेंद्रकात जाऊन पडलेली या जनुकाची निकामी नक्कल वाचली गेली आहे.

मोहोळ: तिला 'छद्मजनुक' म्हणा, शब्द नेमका आहे.

पडताळा: हो. काही छद्मजनुकांत थांबा नसतोच. क्रम वाचणाऱ्या यंत्राच्या आलेखात एकाच जागी दुहेरी शिखरं दिसली तरी संशय घ्या. त्यानंतर केंद्रकातलं निदान एक जनुक आणि नर मिळाला तर त्याचं जननेंद्रिय पाहायचं. एवढं करून मेळ बसला नाही तर 'जाती-समूह' लिहायचं.

तुमचं वाक्य असं करा: 'बारकोड संग्रहातल्या अमुक जातीच्या सर्वांत जवळचा आहे; ६५८ पैकी ६ अक्षरं वेगळी.'