लंडनचं विमान: तिकिटावरची वेळ आणि आपली वेळ

कुलकर्णी काकू (बी-२०४): कुणी बघतंय का ग्रुप? चिनूच्या तिकिटावर लंडनला ६.४५ ला उतरणार लिहिलंय. साडेआठ वाजले, फोन लागत नाही. काकांचं बीपी वाढलंय.

शिंदे ताई (ए-१०१): काळजी करू नका. पण माझ्या मुलीला नऊच तास लागले होते.

सचिव: टँकरचे ५०० रुपये राहिलेल्यांनी आजच द्यावेत.

जाधव सर (सी-३०३): काकू, ६.४५ ही तिथली संध्याकाळ. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागं असतं, थंडीत साडेपाच. म्हणजे आपल्याकडं सव्वाअकरा वाजतील. मुंबईहून सव्वाला सुटलं ना? दहा तास धरा अन् जेवून घ्या.

कुलकर्णी काकू: अहो, गुगल ७,२०० किलोमीटर दाखवतंय. विमान ताशी ९०० नं जातं म्हणे. आठ तास होतात की.

जाधव सर: ते जवळात जवळचं अंतर. चढता-उतरताना वेग कमी, पश्चिमेला जाताना वारं तोंडावर. त्यात एप्रिल २०२५ पासून आपल्या कंपन्यांना पाकिस्तानची हद्द बंद. कराचीकडून जायचं ते आता ओमानकडून वळसा घेतात.

शिंदे ताई: माझ्या मुलीला नऊच लागले.

जाधव सर: कधी गेली होती?

शिंदे ताई: २०१८ ला.

जाधव सर: मग काय बोलायचं!

शिंदे ताई: बोलायचं ते नीट बोला सर. आम्हालाही चार गोष्टी कळतात.

मोरे (ए-३०२): संभाजीनगरहून मुंबई गाठायलाच पाच-साडेपाच तास, समृद्धीनं सुद्धा. निम्मं लंडन इथंच झालं की 😂 म्हणून म्हणत होतो, देवगिरी एक्सप्रेसनं रात्री झोपून जाऊ द्या.

कुलकर्णी काकू: तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा डब्यात कोण चढवणार होतं? तुम्ही?

सचिव: कृपया टँकरचे ५००.

शिंदे ताई: देऊ की. आधी सी विंगमध्ये त्याच पाण्यानं गाड्या धुणं बंद करा.

जाधव सर: नाव घेऊन बोला ताई.

शिंदे ताई: ज्याला कळायचं त्याला कळलं 🙏

मोरे: भांडणं उद्या करा. काकू, फ्लाइट नंबर टाकून बघितलं. काळा समुद्र ओलांडलाय, रोमानियावर आहे. ३८,००० फूट. काकांना दाखवा, स्क्रीनशॉट पाठवतो.

कुलकर्णी काकू: दाखवला. दोन घास खाल्ले त्यांनी.

शिंदे ताई: तरी नऊच तास असतात.

(रात्री ११.२४)

कुलकर्णी काकू: उतरला! इमिग्रेशनच्या रांगेत आहे. जाधव सर, डिसेंबरात यायचं तिकीटही काढलंय. तेव्हा किती वेळ?

जाधव सर: वारं पाठीशी, त्यामुळं जाताना लागला त्यापेक्षा कमी. पण रात्री निघालं तर तारीख दुसऱ्या दिवसाची असेल अन् फरक साडेपाच तासांचा. ते बघूनच मुंबईला गाडी सांगा.