बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबायचं की नाही?

प्रश्न (रानपाखरू):
मुलांच्या पोहण्याच्या शिबिरात मदतीला असणार आहे म्हणून विचारतेय. लहानपणापासून ऐकलंय की बुडालेल्याला पालथं घालून पोटातलं पाणी काढायचं, आता कुणी म्हणतं अजिबात नको, फक्त छाती दाबा. नक्की काय करायचं? आणि तोंडातून फेस येत असेल तर?

आयसीयू_नर्स:
पोट दाबू नका, उलटं धरणं, गरगर फिरवणं तर नाहीच नाही. पोट दाबलं की उलटी होते, ती फुप्फुसात जाते आणि वर मोलाचा वेळ जातो. बुडालेला माणूस दगावतो तो ऑक्सिजन न मिळाल्याने, पोटातल्या पाण्याने नाही, म्हणून इथे श्वास आधी. हाका मारून बघा, श्वास चालू आहे का ते १० सेकंदात बघा (मधूनच आचके देतोय म्हणजे श्वास चालू आहे असं समजू नका), नसेल तर दुसऱ्याला अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला सांगून तुम्ही डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडाने ५ श्वास द्या, काही कोर्समध्ये २ शिकवतात तेही चालेल, फक्त छाती वर येतेय ना ते बघा. मग ३० वेळा छाती दाबा, २ श्वास, परत ३०, थांबायचं नाही. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंमी खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. फेस पुसत बसू नका, तो येतच राहतो. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि लगेच परत सुरू.

सचिन_के:
पण आमच्या ट्रेनिंगमध्ये नुसती छाती दाबली तरी चालतं म्हणाले होते

आयसीयू_नर्स:
ते अचानक हृदय बंद पडून कोसळलेल्यासाठी, त्याच्या रक्तात थोडा वेळ ऑक्सिजन असतो. बुडालेल्याचा तोच संपलेला असतो. श्वास देणं जमतच नसेल तर मात्र नुसती छाती दाबा, काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरं. एईडी मशीन (बंद पडलेल्या हृदयाला गरज असेल तर विजेचा झटका देणारं) असेल तर छाती कोरडी करून लावा पण त्याची वाट बघत श्वास देणं थांबवू नका.

किनारा७:
पोहता येतं म्हणून लगेच उडी मारू नका प्लीज, बुडणारा घाबरून गळ्यालाच मिठी मारतो आणि दोघं जातात. दोर, ट्यूब, लांब काठी, रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते आधी टाका. आणि मूल शुद्धीवर येऊन बोलायला लागलं तरी हॉस्पिटलला न्याच, फुप्फुसाचा त्रास पुढच्या काही तासांत वाढू शकतो. खोकला थांबत नाही, धाप लागतेय, सारखं झोपाळतंय असं दिसलं तर घरी थांबून बघू वगैरे अजिबात नको.