गॅडोलिनियम घालूनही सेरियम ऑक्साइडची संवाहकता का वाढत नाही?

प्रश्न:
नमस्कार. घन ऑक्साइड इंधनघटासाठी (इंधनापासून थेट वीज देणाऱ्या साधनासाठी) मी सेरियम ऑक्साइडवर पीएच.डी.चे काम करीत आहे. नायट्रेट आणि ग्लायसीन यांच्या ज्वलनातून २० टक्के गॅडोलिनियम असलेली भुकटी तयार केली, तिच्या टिकल्या दाबल्या आणि १२०० अंश सेल्सिअसला चार तास भाजल्या. क्ष-किरण विवर्तनात एकच घनीय प्रावस्था (एकाच रचनेचे स्फटिक) दिसते. तरीही ६०० अंशांना रोध अपेक्षेच्या कितीतरी पट येतो. गॅडोलिनियम ३० टक्क्यांवर न्यावे, की त्याऐवजी लॅन्थॅनम घ्यावे?

प्रतिसाद १:
कृपया दोन्ही करू नका. गॅडोलिनियम स्वतः वीज वाहून नेत नाही. चार धनप्रभारांच्या सेरियमच्या जागी तीन धनप्रभारांचे दोन गॅडोलिनियम आयन बसले, की प्रभाराचा तोल राखण्यासाठी ऑक्सिजनची एक जागा रिकामी होते, आणि अशा रिकाम्या जागांमधून ऑक्सिजनचे आयन उड्या घेत पुढे सरकतात. प्रमाण साधारण १० ते २० टक्क्यांच्या पलीकडे नेले, तर रिकाम्या जागा गॅडोलिनियमभोवती अडकून पडतात आणि संवाहकता उलट घटते. लॅन्थॅनमचा आयन सेरियमपेक्षा बराच मोठा असल्याने स्फटिकाची जाळी अधिक ताणली जाते. गॅडोलिनियम आणि समॅरियम यांचे आकार त्यामानाने जवळचे आहेत, म्हणूनच या कामात त्यांना पसंती मिळते.

मला शंका आहे ती टिकलीच्या घनतेची. तिच्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा; तो आत जिरला, तर टिकली सच्छिद्र आहे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. थेंब पाहता पाहता आत जिरला. वजन आणि मापे घेऊन घनता काढली, ती ५.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आली, म्हणजे सैद्धान्तिक ७.२ च्या जेमतेम ७६ टक्के.

प्रतिसाद २:
मग रोध जास्त येणारच, कारण कण जिथे जेमतेम जुळले आहेत, त्या अरुंद मानांमधूनच आयनांना वाट काढावी लागते आहे. ज्वलनातून आलेल्या भुकटीत घट्ट गठ्ठे असतात. ते बॉल मिलमध्ये झिर्कोनियाच्या गोळ्यांनी नीट फोडा, टिकल्या पुन्हा दाबा आणि १४५० अंशांच्या आसपास भाजून घनता ९५ टक्क्यांवर न्या.

त्यानंतरही रोध उरला, तर केवळ डी.सी. मोजमापावर विसंबू नका. ३०० ते ४०० अंशांच्या दरम्यान इम्पीडन्स (वेगवेगळ्या वारंवारतांच्या ए.सी. प्रवाहाला होणारा विरोध) मोजल्यास कणांच्या आतला रोध आणि कणसीमांचा, म्हणजे कण एकमेकांना भिडतात तिथला, रोध आलेखावर वेगवेगळ्या चापांत दिसतात. तापमान खूप वाढवले की हे चाप मोजमापाच्या टप्प्याबाहेर जातात. कणसीमांचा चाप अवाढव्य असेल, तर सिलिका शोधा. दशलक्षात काही शे भाग सिलिकासुद्धा कणसीमांवर पातळ थर होऊन बसते आणि आयनांची वाट अडवते. ती भट्टीच्या अस्तरातून, काचेच्या भांड्यातून किंवा अ‍ॅगेटच्या खलातून येऊ शकते, कारण अ‍ॅगेट म्हणजे सिलिकाच. आमच्या एका विद्यार्थिनीचे सहा महिने याच खलापायी गेले, म्हणून आवर्जून लिहितो आहे.

प्रतिसाद १:
आणखी एक सावधगिरी. पहिली मोजमापे हवेतच घ्या. हायड्रोजनमध्ये काही सेरियम आयन तीन प्रभारांवर उतरतात, इलेक्ट्रॉनही वाहू लागतात आणि संवाहकतेचा आकडा फुगतो. इंधनघटाच्या विद्युत्-अपघटनीत, म्हणजे केवळ आयन वाहून न्यायच्या मधल्या थरात, तीच वाढ गळती ठरते.